वास्तुशांतीचा फोटो

जरा डोळे मीट बरं. आता अशी कल्पना कर, की तुझं सगळं घर खोक्यांत भरलंय. ताटं, पांघरुणं, बुद्धिबळाचा पट, हिवाळ्यातला स्वेटर, सगळं. खोक्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, स्वयंपाकघर एक, स्वयंपाकघर दोन, देव, काच सांभाळून. खोकी भिंतीला लावून छताला टेकतील एवढी रचली आहेत. तुला शाळेसाठी कंपासपेटी हवी आहे, आणि ती ज्या खोक्यात आहे ते सगळ्यांत खाली आहे. आई म्हणते, "राहू दे, आता नव्या घरी गेल्यावरच उघडू." तू विचारतोस किंवा विचारतेस, "कधी?" आणि खोलीतली मोठी माणसं एकदम गप्प होतात.

उघड डोळे. तुझं घर जागच्या जागी आहे. पण नीरजा नावाच्या दहा वर्षांच्या मुलीचं घर अकरा महिने असं खोक्यांत होतं. त्या अकरा महिन्यांत ती दुसरं काही शिकली नसेल, पण 'कधी' हा शब्द घरात काढायचा नाही, एवढं नक्की शिकली होती.

त्याआधी नीरजा सिडकोच्या जुन्या वसाहतीत, एन-सहामध्ये राहायची. बैठं घर, दोन खोल्या, पुढे चार पावलांचं अंगण. घर तिच्या आजोबांचं, अनंतरावांचं. पावसाळ्यात छत गळायचं आणि चार माणसांना जागा पुरायची नाही. म्हणून ते विकायचं, आलेल्या पैशांत कर्जाची भर घालायची आणि शहराच्या कडेला, सातारा परिसराच्या पुढे नव्यानं होत असलेल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर फ्लॅट घ्यायचा, असं ठरलं. फ्लॅट दोघांच्या नावावर घेतला, आजोबांच्या आणि नीरजाच्या बाबांच्या, म्हणजे सुयशच्या.

आजोबा छत्तीस वर्षं भूमी अभिलेखच्या कार्यालयात कारकून होते. कागदांवर त्यांचा भारी जीव. नीरजाला त्यांनी लहानपणी गोष्टी कमी सांगितल्या आणि कागद वाचायलाच जास्त शिकवलं. लाईटचं बिल, शाळेची सूचना, औषधाच्या डबीतली चिठ्ठी, जे हाती लागेल ते.

"वरून नाही वाचायचं, नीरू," ते सांगत. "वर नुसते नमस्कार असतात. आधी खाली जायचं. तारीख कोणती? नाव कुणाचं? सही कुणाची? मग मधला मजकूर. खालून वाचलं की कागद खोटं बोलायला लाजतो."

"आणि खाली काहीच नसेल तर?"

"तर तो कागद नाही. त्यात भेळ बांधायची."

अशा आजोबांच्या हातून एक चूक झाली. कशी झाली ते सांगतो.

बिल्डरच्या ऑफिसात सर्जेराव नावाचे मॅनेजर होते. गोल चेहरा, गोड बोलणं, कपाळाला नेहमी गंध. त्यांनी दसऱ्याला घराचा ताबा देऊ असं सांगितलं होतं. पण जुन्या घराचा व्यवहार आधीच झाला होता. ते घर बिडकीनच्या पुंडलिकरावांनी घेतलं होतं आणि त्यांना आषाढ संपायच्या आत मोकळं करून द्यायचं होतं. मधले दोन-तीन महिने कुठेतरी भाड्यानं काढू, असं बाबा म्हणाले. त्याला कुणाचीच हरकत नव्हती. आजोबांची अडचण वेगळी होती. त्यांनी पंचांग मांडीवर घेतलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"एकादशीनंतर चार महिने वास्तुशांतीला मुहूर्त नाही. दसऱ्याला ताबा मिळाला तरी दिवाळी होईपर्यंत घरात पाऊल टाकता येणार नाही. पूजा आत्ताच उरकून घेऊ."

"बाबा, अहो घर अर्धवट आहे," सुयश म्हणाला.

"भिंती आहेत ना? उंबरा आहे ना? पुरे."

सर्जेरावांना विचारलं तर ते लगेच तयार झाले. "काका, तुमच्यासाठी काय पण! एक दिवस उघडून देतो. पूजा करा, जेवणं करा. आम्हाला बोलवा म्हणजे झालं."

एकादशीच्या चार दिवस आधी पूजा ठरली. फ्लॅटला भिंती होत्या, पण खिडक्यांना चौकटी नव्हत्या. तिथं निळी ताडपत्री बांधली होती आणि ती वाऱ्यानं फडफड करत होती. स्वयंपाकघरात ओटा नव्हता. गॅलरीला कठडा नव्हता, दोन बांबू आडवे बांधले होते. नळ भिंतीतून नुसता डोकावत होता, त्यात पाणी नव्हतं. पूजेचं आणि स्वयंपाकाचं पाणी एन-सहाच्या घरून कॅन भरून आणलं.

मुहूर्त सव्वाअकरापर्यंत होता. अकरा वाजून पाच मिनिटांनी सगळे फाटकापाशी पोहोचले. बाबांच्या हातात कलश, आई म्हणजे मोनालीच्या हातात देवांचं ताम्हण, नीरजाच्या हातात आईचा मोबाईल, कारण फोटो काढायचं काम तिच्याकडे होतं. बन्सी वॉचमननं रजिस्टर पुढं केलं.

"काका, चावीची नोंद हाय. इथं सही मारा, साहेबांनी सांगितलंय."

"काय लिहिलंय बघू." आजोबा खिसे चाचपू लागले. चष्मा पूजेच्या पिशवीत गेला होता आणि पिशवी वर गेली होती.

वरून गुरुजींनी हाक मारली, "अहो अनंतराव, वेळ चाललीय! दहा मिनिटं उरलीत!"

आजोबांनी एकदा रजिस्टरकडे पाहिलं, एकदा जिन्याकडे पाहिलं. आणि छत्तीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढल्या, त्यांनी न वाचता सही केली.

पूजा छान झाली. विटांवर शेगडी मांडून आईनं दूध उतू घातलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. नीरजानं चौतीस फोटो काढले. त्यातला एक फारच सुरेख आला होता. दाराला झेंडूचं तोरण, पुढं रांगोळी, घरातली तिघं हसत उभी आणि मागं उतू जाणारं दूध. ताडपत्रीचं नाव नाही.

जेवायला आलेल्या सर्जेरावांनी तिच्या खांद्यावरून डोकावून तो पाहिला. हातात जिलबी होती.

"लई भारी काढतेस गं तू! कुठं शिकलीस? हा आपण ऑफिसात लावू, मोठा करून. पाठव की मला."

त्यांनी स्वतःच आईच्या मोबाईलमध्ये आपला नंबर घातला. नीरजानं फोटो पाठवला. आपण काढलेला फोटो ऑफिसात लागणार, या आनंदात ती तरंगत होती. सर्जेराव जेवून निघून गेले आणि थोड्या वेळानं त्यांचा निरोप आला. तिनं तो वाचला. 'मस्त फोटो बेटा. पूजा उरकली की आईला सांग, चावी आजच बन्सीकडे परत करा. खिडक्या बसवायच्या आहेत, काम चालू आहे.'

नीरजानं आईला तोंडी सांगितलं; पाहुण्यांच्या गडबडीत आईनं निरोप स्वतः पाहिला नाही. आईनं जाताना चावी बन्सीच्या हातात दिली. त्यानं ती खिशात टाकली. रजिस्टर तेव्हा आत टेबलावर होतं. ते उघडायचं कुणालाच सुचलं नाही.

आषाढ संपायच्या दोन दिवस आधी पुंडलिकराव टेम्पो घेऊन आले. त्यांची जमीन कारखान्यांच्या पट्ट्यात गेली होती आणि मुलांच्या शाळेसाठी त्यांनी शहरात घर केलं होतं. माणूस मोकळा. अंगणात उभं राहून म्हणाले, "काका, मी अजून पंधरा दिवस थांबलो असतो, पण पोरांची शाळा सुरू झालीय. मला लई वाईट वाटतंय बघा."

"व्यवहार तो व्यवहार," आजोबा म्हणाले. मग त्यांना हौदापाशी घेऊन गेले. "आठवड्यानं पाणी येतं. पहाटे येतं. हा व्हॉल्व्ह तीन आट्या फिरवायचा, चौथी नाही. चौथीला गळतो."

"तीन आट्या."

"हात लावून बघा."

पुंडलिकरावांनी व्हॉल्व्ह फिरवून दाखवला. तेव्हा कुठं आजोबा रिक्षात बसले. मागं वळून पाहिलं नाही. पण रिक्षा चौकात आल्यावर म्हणाले, "जोरात फिरवतो तो. मोडेल."

जुन्या शहरात, गुलमंडीत एका कापडाच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. जिना अरुंद आणि उभा. आजोबांचे गुडघे दुखायचे, म्हणून ते एकदा वर चढले ते चढलेच. "तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे," सगळे म्हणाले. म्हणून खोकी उघडली नाहीत. लागेल तेवढं काढलं. कुकर निघाला पण शिट्टी निघेना. चार दिवसांनी ती 'देव' लिहिलेल्या खोक्यात समईशेजारी सापडली. आई त्या दिवशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पुढं पुढं तसं हसणं बंद झालं.

दसरा गेला. दिवाळी गेली. सर्जेराव फोनवर प्रत्येक वेळी नवं काहीतरी सांगत. लिफ्टचा माणूस गावी गेलाय. पाण्याची लाईन मंजूर व्हायचीय. पुढच्या महिन्यात नक्की. बाबा फोन ठेवत आणि जबडा आवळून बसत. बँकेचा हप्ता आणि खोल्यांचं भाडं अशा दोन्ही बाजूंनी ते पिळले जात होते. आईनं भाजीवाल्याशी घासाघीस करताना पहिल्यांदाच आवाज चढवला. नीरजाला घरातल्या पावलांच्या आवाजावरून कळायला लागलं, की आज सर्जेरावांशी बोलणं झालंय की नाही.

मार्गशीर्षात बाबांनी वकील गाठून बिल्डरविरुद्ध तक्रार केली. फाल्गुनात तिचं उत्तर आलं. जाड लिफाफा होता. बाबांनी तो खोक्यांवरच उघडला आणि मोठ्यानं वाचायला लागले. वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

बिल्डरचं म्हणणं असं, की ताबा गेल्या आषाढातच दिला आहे. रजिस्टरवर अनंतरावांची सही आहे, 'फ्लॅटची चावी व ताबा मिळाला'. कुटुंबानं त्याच दिवशी वास्तुशांती केली, त्याचा फोटो सोबत जोडला आहे. काही किरकोळ कामं बाकी असतील, पण चावी तुमच्याकडे होती. तुम्हीच राहायला आला नाहीत, त्याला आम्ही काय करणार?

शेवटच्या पानावर फोटो होता. तोरण, रांगोळी, तीन हसरे चेहरे, उतू जाणारं दूध.

"आपल्याकडे बाकीचे फोटो आहेत की," आई म्हणाली. "खिडक्या नव्हत्या ते दिसतंय त्यात."

"ते किरकोळ काम, म्हणताहेत ना! चावी आपल्याकडे होती असं त्यांचं म्हणणं आहे."

"अहो, मी त्याच दिवशी दिली बन्सीला!"

"लिहून घेतलंस? तो बन्सी नोकरी सोडून गेला. कुठल्या गावचा तेही कुणी सांगत नाही. चावी त्यांनी परत घेतली, हे दाखवणारी एक ओळ आहे आपल्याकडे? एक ओळ?" मग बाबा आजोबांकडे वळले. "आणि तुम्ही वाचलं नाहीत, बाबा? तुम्ही?"

आजोबा खाटेच्या कडेला बसले होते. ते आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

"आणि हा फोटो त्यांच्याकडे गेला कसा?" आईनं विचारलं.

"दिला असेल कुणीतरी पाहुण्यानं," बाबा म्हणाले. " त्या सर्जेरावाच्या गोड बोलण्याला कुणी भुललं नाही?"

नीरजा कोपऱ्यात भूगोलाचं पुस्तक धरून बसली होती. ती एक ओळ तिला माहीत होती. पूजेच्या दिवसाचा सगळा आनंद तिनं पुन्हा पुन्हा आठवला होता, त्यामुळे शब्दन्‌शब्द पाठ होता. 'चावी आजच बन्सीकडे परत करा. खिडक्या बसवायच्या आहेत, काम चालू आहे.' ती आईच्या मोबाईलमध्ये होती. पण त्या ओळीच्या बरोबर वर तो फोटो होता, आणि तो नीरजानं पाठवलेला होता. ओळ दाखवायची तर फोटोही दिसणार. आणि मग बाबा तिच्याकडे तसंच बघणार, जसं आत्ता आजोबांकडे बघितलं.

ती मोबाईल घेऊन मोरीत गेली आणि दाराला कडी घातली. वर्गातल्या दीपमालानं तिला शिकवलं होतं, निरोप पुसायचे नसतील पण कुणाला दिसू द्यायचे नसतील तर ते कसे लपवतात ते. तिनं तसं केलं. पुसले मात्र नाहीत. पुसायला बोट गेलं होतं, पण तिनं ते मागं घेतलं.

उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. उद्या बाबा उशिरा आले. मग परीक्षा होती. मग आईला ताप होता. परीक्षा झाल्यावर नक्की. पाडवा झाल्यावर नक्की. एके दिवशी शाळेच्या वाटेवर ती मनातल्या मनात 'पुढच्या आठवड्यात नक्की' असं म्हणाली आणि थबकलीच. हे तर सर्जेराव बोलतात!

तेवढ्या दिवसांत घरात आणखी एक गोष्ट बदलली होती. बाबा आजोबांशी बोलायचे, पण त्यांच्याकडे बघून नाही. खोक्यांकडे बघून बोलायचे. "गोळी घेतलीत का?" हे ते 'स्वयंपाकघर दोन' ला विचारायचे. आणि आजोबा नीरजाकडे कागद मागेनासे झाले. शाळेची सूचना आली तर ती खाटेवर ठेवायची. संध्याकाळी ती तिथंच, तशीच असायची.

पाडव्यानंतर चौथ्या दिवशी, बाबा कामावर आणि आई पाण्याच्या टँकरपाशी खाली असताना, आजोबा एकटे जिना उतरले. आठ महिन्यांनी. रिक्षा केली आणि बिल्डरच्या ऑफिसात गेले. तिथं काय झालं ते नंतर दारात थांबलेल्या रिक्षावाल्यानं सांगितलं. म्हातारबा दोन तास बाकावर बसून होते. मग सर्जेराव बाहेर आले, म्हणाले, "काका, तुम्ही तर कागदपत्रांतले मुरलेले. तुमची सही खोटी आहे असं म्हणताय का?" आजोबा "नाही" म्हणाले आणि उठले.

परत येताना दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामध्ये त्यांचा पाय घसरला. नीरजा शाळेतून आली तेव्हा जिन्यावर माणसं होती आणि मधल्या पायरीवर एक वहाण उलटी पडली होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, चालतील की नाही ते आत्ता सांगता येत नाही. आजोबांना खुर्चीत बसवून चार माणसांनी तिसऱ्या मजल्यावर आणलं आणि खिडकीशी खाटेवर ठेवलं. खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी तेवढी दिसायची.

नीरजा त्या रात्री जेवली नाही. आई म्हणाली, घाबरलीय. तसं नव्हतं. ती हिशोब लावत होती. फाल्गुनात सांगितलं असतं तर आजोबा तिथं गेले नसते. गेले नसते तर पडले नसते. हे इतकं सोपं होतं, की दुसरीतल्या मुलालाही जमलं असतं. आणि आता तर सांगणं पहिल्यापेक्षा शंभर पटींनी अवघड झालं होतं. उशिराचं असंच असतं. रोज त्याच्यावर आणखी एक खोकं चढतं आणि खालचं काढणं कठीण होत जातं.

वैशाख सरता सरता घरमालकानं सांगितलं, "मुलाचं लग्न आहे, महिनाअखेर खोल्या मोकळ्या करा." आणि त्याच आठवड्यात, जणू वास लागावा तसा, सर्जेरावांचा फोन आला. ताबा पावतीवर सही करा, तक्रार मागं घ्या, सोमवारी चावी घेऊन जा.

शनिवारी दुपारी चार वाजता ऑफिसात जायचं ठरलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. पावतीचा मसुदा त्यांच्याकडे आदल्या दिवशीच आला होता. आजोबा खाटेवरून म्हणाले, "सुयश, काय लिहिलंय त्यात?"

"जसा आहे तसा ताबा गेल्या आषाढात मिळाला. तक्रार नाही." बाबा हे खोक्याला म्हणाले.

"पाण्याची लाईन आली का?"

"जसं आहे तसं, बाबा."

"गॅलरीचा कठडा?"

बाबा बाहीचं बटण लावू लागले. आईच म्हणाली, "मी बघून आले परवा. बांबूच आहेत अजून. बांबू पण एकच राहिलाय."

"मग सही केल्यावर ते कोण करणार?"

"कुणी नाही!" बाबांचा आवाज फुटला. "कुणी करणार नाही, बाबा. आपण करायचं. कशानं ते विचारू नका. पण महिनाअखेर तुम्हाला या खाटेसकट मी रस्त्यावर ठेवू का? तिथं निदान एकच मजला आहे."

खालून कापड फाडल्याचा लांब आवाज आला. मग आजोबा अगदी हळू म्हणाले, "कर सही. मीच खड्ड्यात घातलं सगळ्यांना. मुहूर्त साधायला गेलो. कर."

"झालं ते झालं," बाबा म्हणाले. पण पाठ वळवून.

नीरजा आजोबांच्या पायथ्याशी बसली होती. त्यांच्या उशीखाली चष्म्याचं घर होतं. महिनाभर ते कुणी उघडलं नव्हतं. आजोबांचा उजवा हात चादरीवर पडला होता आणि त्याचा अंगठा नुसताच तर्जनीवर घासत होता, शाई पुसावी तसा. नीरजा त्या अंगठ्याकडे पाहत राहिली. हा हात एकटाच अपराधी आहे असं या घरातल्या सगळ्यांना वाटत होतं. त्या हातालाही वाटत होतं. आणि तसं नाही हे जगात फक्त तिला माहीत होतं. तिला आणि सर्जेरावांना.

बाबांनी पावतीची पिशवी घेतली. दारात बसून चप्पल चढवली. "येतो," म्हणाले आणि जिन्याकडे वळले.

नीरजा उठली.

आईचा मोबाईल खिडकीत चार्जिंगला लावला होता. तिनं तो ओढून काढला. आई म्हणाली, "अगं, आत्ता काय खेळायचंय का?" ती थांबली नाही. दारातून बाहेर पडली, बाबांच्या काखेखालून वाट काढून पुढं गेली आणि जिन्याच्या त्या पायरीवर जाऊन बसली, जिथं ती वहाण उलटी पडली होती. जिना इतका अरुंद, की एक माणूस बसला तर दुसऱ्याला उतरता येत नाही.

"नीरू, ऊठ. उशीर होतोय मला."

तिला रडू येत होतं, पण रडताना अक्षरं दिसत नाहीत म्हणून तिनं ते आत ढकललं. दीपमालानं शिकवलेलं सगळं उलट क्रमानं केलं. लपवलेले निरोप वर आले. फोटो वर आला. खाली ती ओळ आली.

"हा फोटो पाहुण्यांनी नाही दिला, बाबा. मी दिला," ती म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला, की आत खाट करकरली. "आणि मला फाल्गुनापासून माहीत होतं. आजोबा पडायच्या आधीपासून."

बाबा वरच्या पायरीवर उभे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ज्या नजरेची तिला इतके दिवस भीती वाटत होती, तीच होती ती. नीरजानं मान खाली घातली नाही. पायरीही सोडली नाही. दोन्ही हातांनी मोबाईल त्यांच्यासमोर वर धरला, आणि आजोबा तिला शिकवताना जसं सांगत तसं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "बाबा, आधी खालून वाचा."